मतपेटी आणि थैली

(विहारात भरलेल्या उपासक-उपासिकांच्या सभेपुढे एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याला कायद्याच्या पुस्तकात 'निवडणूक-खर्च' असे रुक्ष नाव आहे. वस्तीत त्याची नावे निराळी आहेत. कोणी त्यास पाकीट म्हणतो, कोणी जेवणावळ म्हणतो, आणि मतदानाच्या आदल्या रात्री घरोघर जे फिरते त्यास तर आपल्या महाराष्ट्रात 'लक्ष्मीदर्शन' असे गोंडस नाव पडले आहे. ज्यांनी देवदेवतांपुढे हात जोडणे सोडून दिले त्यांच्याही दाराशी ही एक देवी निवडणूक आली की न चुकता येते, आणि तिला परत पाठविणारी घरे थोडीच असतात, हे आपण सर्व जाणतो. उपदेश करणे हा माझा धंदा नाही. माझा धंदा वकिलीचा आहे. म्हणून हा पैसा कोठून निघतो, कोणत्या वाटेने आपल्या उंबरठ्यापर्यंत पोचतो, कायद्याने त्या वाटेवर कोणते अडसर घातले आणि ते कसे निघाले, एवढेच मी आपणांस सांगणार आहे.

मत आणि पैसा यांचा संबंध आजचा नाही. एके काळी तो उघड होता आणि कायदेशीरही होता. १९१९ च्या सुधारणांखाली मतदार व्हावयाचे तर ठरावीक शेतसारा, घरभाडे किंवा प्राप्तिकर यांसारख्या कसोटीस उतरावे लागे. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांचे घर म्हणजे कुडाच्या चार भिंती, अशी गावकुसाबाहेरची जवळजवळ सारी माणसे त्या कसोटीतून गळून पडत. त्याच वर्षी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण भीमरावांनी अस्पृश्यांपुरती ही कसोटी खाली आणावी, अशी मागणी केली. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार मागितला. देशातील भलेभले पुढारी तेव्हा अडाण्यांच्या हाती मत देण्यास कचरत होते. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने अखेर मालमत्तेची अट कायमची पुसून टाकली.

परंतु मालमत्तेची अट मतदाराच्या दारातून निघाली, ती उमेदवाराच्या दारात जाऊन बसली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराची मालमत्ता, कर्ज आणि त्याच्यावरील गुन्हे जाणून घेण्याचा मतदारास हक्क आहे, असा निर्णय दिला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवारास शपथपत्र द्यावे लागते. ही शपथपत्रे मोजण्याचे काम 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था करते. तिच्या मोजणीप्रमाणे २००९ च्या लोकसभेत ३१५ खासदार कोट्यधीश होते. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ जण कोट्यधीश होते. मधल्या काळात रुपयाची किंमत घसरली हे खरे. तरीही आपल्या वस्तीतील किती घरे त्या पंक्तीत बसतील, हा विचार ज्याचा त्याने करावा. संविधानसभेतील आपल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी जो इशारा दिला होता तो आपणांस पाठ असेल. राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मोल समान राहील आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता राहील, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, असे ते म्हणाले होते. ही विसंगती निवडणुकीच्या दिवसांत जितकी स्पष्ट दिसते तितकी एरवी क्वचितच दिसत असेल.

आता पैशाच्या उगमाकडे वळू. नागपूरच्या दीक्षेनंतरच्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीस राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या उद्देशपत्रिकेत दुरुस्ती करावयाची होती. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्यात मनाई नसल्यामुळे दुरुस्तीस आडकाठी केली नाही. परंतु निकालपत्रात त्यांनी फार कळकळीने लिहिले, की आपली लोकशाही अजून बाल्यावस्थेत आहे, येथे प्रत्येक प्रौढास मत आहे, आणि मोठ्या कंपन्यांचा पैसा पक्षांकडे वाहू लागला तर तो पुढे लोकशाहीचा गळा आवळील. संसदेने वेळीच याकडे पाहावे. निकाल कंपनीच्या बाजूचा आणि इशारा जनतेच्या बाजूचा, असे ते विलक्षण निकालपत्र आहे. वकिलीच्या विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

संसदेने पाहिले, पण डोळ्यांची उघडझाप करीत. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये त्यांस पूर्ण बंदी झाली. बंदी झाली तरी निवडणुकांचा खर्च काही थांबला नाही. दिवसा येणारा पैसा रात्री येऊ लागला, एवढाच फरक पडला. १९८५ मध्ये बंदी उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यात अशी तरतूद झाली, की मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत कंपनीने देणगी द्यावी आणि कोणत्या पक्षास किती दिले ते हिशेबात लिहावे. २०१७ च्या वित्त कायद्याने साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली आणि पक्षाचे नाव लिहिण्याचे बंधनही काढले. नफा नसलेली कंपनीसुद्धा वाटेल तेवढी देणगी देऊ शकेल, अशी स्थिती झाली.

आणि मग २ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने 'निवडणूक रोखे' आले. हे रोखे म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगतो. जुन्या काळी सावकार हुंडी लिहीत असत. ती जो पेढीवर नेईल त्याला पैसे मिळत. निवडणूक रोखा ही तशीच निनावी हुंडी होती. स्टेट बँकेत पैसे भरावयाचे, १ हजारापासून १ कोटीपर्यंतचा रोखा घ्यावयाचा, आणि १५ दिवसांत तो पक्षाच्या खात्यात जमा व्हावयाचा. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही. कोणी दिले ते बँकेस ठाऊक, कोणी दिले ते पक्षासही बहुधा ठाऊक, कारण देणारा काही मुका नसतो; ठाऊक नाही ते फक्त मतदारास. रोखे सामान्य माणसासाठीही आहेत, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात मूल्याच्या हिशेबाने पाहता नऊदशांशांहून अधिक रोखे १ कोटीचे निघाले. १ कोटीचा रोखा घेणारा सामान्य माणूस मी तरी पाहिलेला नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अध्यक्षस्थानी होते. त्या पाचांत आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई हेही होते, जे पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. निकालाचा गाभा साधा आहे. पैसा देणारा सत्तेच्या दालनात प्रवेश मिळवितो आणि दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात धोरण आपल्याकडे वळवून घेण्याचा संभव असतो. म्हणून कोणी कोणास पैसा दिला हे जाणणे हा मतदाराचा संविधानाच्या १९ (१) (अ) कलमाखालचा हक्क आहे. कंपन्यांवरील मर्यादा काढून टाकणेही न्यायालयाने मनमानी ठरविले, कारण पैशाच्या जोरावर कंपनीचा आवाज नागरिकाच्या आवाजापेक्षा कित्येक पट मोठा होतो. यादी देण्यास स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोपर्यंत लोकसभेची निवडणूक होऊन गेली असती. न्यायालयाने ११ मार्चला ती मागणी फेटाळली आणि १४ मार्चला याद्या लोकांपुढे आल्या.

सहा वर्षांत १६ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे वटविले गेले होते. सर्वांत मोठा वाटा केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षास मिळाला. परंतु निरनिराळ्या राज्यांत सत्तेवर असलेल्या अन्य पक्षांसही शेकडो कोटी मिळाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेण्यास नकार दिला आणि तो या योजनेविरुद्ध न्यायालयातही गेला होता. कोणत्या पक्षास मत द्यावे हे सांगण्यासाठी मी ही नावे घेत नाही. पैसा सत्तेच्या उताराने वाहतो, मग सत्ता कोणाचीही असो, हे यादीवरून दिसते म्हणून घेतो.

रोखे गेले म्हणून सारे स्वच्छ झाले, असे समजू नये. आजही पक्षास २० हजार रुपयांपर्यंत देणगी देणाऱ्याचे नाव जाहीर करावे लागत नाही; रोखीची देणगी मात्र २ हजारांपर्यंतच घेता येते. मोठ्या देणग्या 'इलेक्टोरल ट्रस्ट' नावाच्या संस्थांमार्फत जातात, त्यांचा हिशेब निवडणूक आयोगाकडे येतो. पण तो वर्ष संपल्यावर येतो, तोवर मतदान उरकलेले असू शकते.

याउलट आपल्या वस्तीतील जयंतीची वर्गणी पाहा. कोणी ५० रुपये दिले, कोणी ५०० दिले, ते पावतीवर लिहिले जाते. जयंती झाली की मंडळ जमाखर्च वाचून दाखविते किंवा फळ्यावर लावते, आणि मांडववाल्यास २०० रुपये जास्त का दिले, म्हणून कोणी तरी भांडल्याशिवाय सभा उठत नाही. तो भांडणारा माणूस आपणांस त्रासदायक वाटतो. माझ्या मते मात्र लोकशाहीचे हिशेबशास्त्र आपल्या लोकांना तेथेच शिकावयास मिळते. जे आपण काही हजारांच्या वर्गणीबाबत विचारतो, ते १६ हजार कोटींबाबत विचारावयाचे नाही काय?

पैसा कोठून येतो हे झाले. आता तो किती खर्चावा याचा कायदा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक उमेदवाराने उमेदवारी अर्जाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सारा खर्च लिहून ठेवावयाचा आणि ठरलेली मर्यादा ओलांडावयाची नाही. जानेवारी २०२२ मध्ये ठरविल्याप्रमाणे महाराष्ट्रात लोकसभेसाठी ही मर्यादा ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख आहे. मर्यादा ओलांडणे हा १२३ व्या कलमाखाली भ्रष्टाचार आहे, त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. वाचावयास हे भक्कम वाटते. परंतु या भिंतीला पहिल्यापासून एक खिंडार आहे, आणि ते बुजविण्याचा एक प्रयत्न कसा फसला ती कथा ऐकण्याजोगी आहे.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघात खर्चाची मर्यादा १० हजार रुपये होती. पराभूत उमेदवाराने न्यायालयात सांगितले, की विजयी उमेदवारासाठी त्याच्या पक्षाने केलेला खर्च धरला तर ही मर्यादा ओलांडली जाते. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद मान्य केला. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिले त्याचा आशय असा, की पक्षाचा पैसा मोजला नाही तर मर्यादेला अर्थच उरत नाही आणि निर्धन माणसास निवडणुकीचे दार बंद होते. हा निकाल किती दिवस जगला? १९ ऑक्टोबरला राष्ट्रपतींचा अध्यादेश निघाला, की पक्षाने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरावयाचा नाही. सोळा दिवस! पुढे त्याचाच कायदा झाला. २००३ मध्ये हे खिंडार बरेच लहान करण्यात आले. तरीही पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा, याला आजही कोणतीही मर्यादा नाही. उमेदवाराच्या खिशाला कुलूप आणि पक्षाच्या तिजोरीला दारच नाही, असा हा प्रकार आहे.

मग निवडणुकीचा खर्च सरकारनेच का करू नये? १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने तसे सुचविले होते: रोख पैसा न देता इंधन, कागद, प्रसारणाचा वेळ अशी मदत द्यावी. कल्पना चांगली आहे. परंतु ही मदत केवळ मान्यताप्राप्त पक्षांस द्यावी, असे त्या समितीचे म्हणणे होते. दुर्बलांचे पक्ष नेहमी या मान्यतेच्या उंबरठ्यावर अडखळतात. ज्याला आधीच भाकरी आहे त्याच्या ताटात तूप वाढण्याची ही योजना होईल, अशी मला भीती वाटते. तिला माझा पाठिंबा आहे तो लहान पक्षांस आणि अपक्षांस वाटा मिळण्याच्या अटीवरच.

दिल्लीच्या गोष्टी पुरे. गावात काय होते? जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत पदांसाठी चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने त्या निवडणुका रद्द केल्या. आपल्याकडे 'बिनविरोध निवडणूक' हा मोठा भूषणाचा शब्द आहे. गावात भांडण नको, खर्च नको, सर्वांनी मिळून ठरवू, असे म्हटले की ऐकणाऱ्यास बरे वाटते. पण सर्वांनी म्हणजे कोणी? पारावरच्या बैठकीत बोली लागत असताना बौद्धवाड्यातील शेतमजूर काय बोलणार? मतपेटीत त्याचे मत गावच्या पाटलाच्या मताइतके असते. लिलावात त्याची बोली शून्य असते. म्हणून तुमच्या गावात बिनविरोधाची भाषा निघाली तर आधी विचारा, की बैठक कोठे आहे, त्यात आमचे कोण आहे, आणि पैशाचा विषय निघाला आहे काय. पैशाचा विषय निघाला असेल तर ती निवड नव्हे, विक्री होय.

शहरांत आणि मोठ्या निवडणुकांत हा व्यवहार घाऊक असतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत रोकड, दारू, अमली पदार्थ, सोनेचांदी आणि वाटपाच्या वस्तू मिळून सुमारे ३,४७५ कोटींचा ऐवज पकडला गेला. २०२४ मध्ये मतदानास सुरुवात होण्याच्या आधीच आयोगाने ४,६५० कोटींहून अधिक ऐवज पकडल्याचे जाहीर केले. हा पकडलेला, न पकडलेल्याचा हिशेब कोण देणार? तामिळनाडूत वेल्लूर मतदारसंघाची २०१९ ची निवडणूक पैशाच्या वाटपामुळे मतदानाच्या तोंडावर रद्द करावी लागली होती.

हा पैसा घेणाऱ्याविषयी कायदा काय म्हणतो, ते आता स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांत येथे मोठा गैरसमज आहे. लाच देणारा गुन्हेगार, घेणारा मात्र बिचारा गरीब, असे पुष्कळांस वाटते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमाप्रमाणे मतासाठी लाच देणे आणि घेणे ही दोन्ही लाचखोरीच आहे. १७३ व्या कलमाप्रमाणे तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. खाणेपिणे व करमणूक या रूपाने लाच असेल तर केवळ दंड. जुन्या दंडसंहितेतही हेच होते. 'आमचेच पैसे आहेत, घ्या आणि मत हवे त्याला द्या' असा सल्ला हुशार माणसे देतात. हा सल्ला कायद्यात बसत नाही, आणि व्यवहारातही महाग पडतो. पाकीट वाटणाऱ्याने तो खर्च गुंतवणूक म्हणून केलेला असतो. तुमच्या वस्तीची पाण्याची जोडणी, घरकुलाची यादी, दलित वस्ती सुधारणेचा निधी यांतून तो व्याजासह वसूल करतो. गाऱ्हाणे घेऊन गेलात तर त्याचे उत्तर तयार असते: तुमचा हिशेब तर चुकता झाला आहे. आणि ज्याने मत विकत घेतले त्याला स्वतःचे मत विकताना संकोच का वाटावा? आमदार-खासदारांनी सभागृहातील मतासाठी लाच घेतली तर त्यांना विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाकडून सांगावे लागले. त्याआधी १९९८ पासून संरक्षण आहे असेच मानले जात होते.

व्यक्तीला दिलेल्या पाकिटाविषयी निदान लाज तरी असते. याहून अवघड प्रश्न विहाराला दिलेल्या देणगीचा आहे, आणि येथे मी थोडा थांबणार आहे. निवडणूक जवळ आली की एखादे पुढारी वस्तीत येतात. विहाराच्या कुंपणाची भिंत पडली आहे, ती ते बांधून देतो म्हणतात. खुर्च्या देतात, ध्वनिक्षेपक देतात, बुद्धमूर्तीची जबाबदारी घेतात. पैसा कोणाच्या खिशात जात नाही, मग पाप कोठे? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाचे पहिले पोटकलम पाहा. मत मिळविण्याच्या हेतूने 'कोणत्याही' व्यक्तीस दिलेली भेट, देऊ केलेली भेट किंवा भेटीचे वचन ही लाच आहे. ती एकट्याला दिली काय की पंचांच्या हाती समाजासाठी दिली काय, तिच्यामागे मताचा सौदा असला की ती लाचच. मंत्र्याने सरकारी निधीतून दिलेल्या अनुदानांचा प्रश्न हरियाणातील घासीराम विरुद्ध दलसिंह या खटल्यात १९६८ मध्ये आला होता. सौदा सिद्ध झाल्याशिवाय ती लाच नव्हे, असे न्यायालयाने ठरविले, परंतु निवडणुकीच्या तोंडावर असे वाटप करण्याच्या रीतीविषयी नापसंतीही व्यक्त केली. रस्ता करीन, शाळा काढीन हे जाहीरनाम्यातील वचन मात्र लाच नव्हे. फरक साधा आहे. भिंत नगरपालिकेच्या ठरावाने, अंदाजपत्रकातून, आपला हक्क म्हणून आली तर ती आपली. ती उमेदवाराच्या खिशातून, मतदानाच्या पंधरा दिवस आधी, 'वस्ती आपल्या मागे आहे ना?' या प्रश्नासह आली तर ती विहाराची भिंत नव्हे, वस्तीभोवतीचे कुंपण आहे. पडकी भिंत काही महिने पडकी राहिली तर विहाराचे पावित्र्य कमी होत नाही. कोणा एका घराने मोहाने पैसे घेतले तर त्या घराचे मत जाते. विहाराच्या पंचांनी सौदा केला तर साऱ्या वस्तीची जीभ बांधली जाते. दारूविषयी मी बोलत नाही. ज्यांनी पंचशील घेतले आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या त्यांना मतदानाच्या आदल्या रात्रीपुरती वेगळी प्रतिज्ञा नसते.

'घेतले नाही तर त्यांना कळेल, आणि मग त्रास होईल' ही भीती मात्र खोटी नाही. तिचे दोन भाग करा. तुम्ही एकट्याने कोणास मत दिले हे कोणासही कळत नाही. यंत्राशेजारच्या पेटीत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. ती कोणाच्या हाती येत नाही. कलम ९४ प्रमाणे तुम्ही कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातसुद्धा होऊ शकत नाही. 'आम्हाला यंत्रातून दिसते' असे जो सांगतो तो थाप मारतो. पण केंद्रनिहाय मोजणी होत असल्यामुळे एका केंद्रावर कोणास किती मते पडली हे मात्र कळते, आणि एका केंद्रावर जर एकच वस्ती मत देत असेल तर वस्तीचा कल उघडा पडतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात त्या मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रांसाठीही अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे साधन वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात ते उचलून धरले. ते अमलात आलेले नाही. आपल्या संघटनांनी मागणी करावयाची तर प्रथम हिची करावी, कारण गावकुसाबाहेरच्या वस्तीला जितकी तिची गरज आहे तितकी कोणाला नाही. विनयपिटकात भिक्षुसंघाने शलाका घेऊन मतदान करण्याच्या रीती सांगितल्या आहेत, त्यांत गुप्त मतदानही आहे. शलाका वाटणारा भिक्षू कसा असावा? जो छंद, द्वेष, मोह आणि भय या चारांमुळे वाकडी वाट धरीत नाही, असा. पाकीट मोहाने काम करते आणि केंद्रनिहाय मोजणी भयाने. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमाने दोघांनाही ओळखले होते.

आता जे तरुण स्वतः उभे राहू इच्छितात त्यांच्यासाठी दोन शब्द. लोकसभेसाठी अनामत २५ हजार आणि विधानसभेसाठी १० हजार आहे. अनुसूचित जातीच्या उमेदवारास ती निम्मी, म्हणजे १२,५०० आणि ५ हजार. झालेल्या वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. बौद्ध झाल्यावर ही सवलत जाते काय, असे नवदीक्षित मला वारंवार विचारतात. १९९० च्या दुरुस्तीपासून जात नाही. त्या दुरुस्तीने बौद्ध धर्म मानणाऱ्यांस अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान दिले. मूळची जात अनुसूचीत असली पाहिजे आणि प्रमाणपत्र नीट काढलेले असले पाहिजे. राखीव जागाही याच कारणाने आपणांस खुल्या आहेत. तथापि राखीव जागेवर कोणास उभे करावयाचे हे जोवर दुसऱ्याची थैली ठरविते तोवर निवडून आलेला माणूस आपल्या जातीचा असतो आणि दुसऱ्याच्या कामाचा असतो. पुणे करारापासूनचे हे दुखणे आहे.

आणि हिशेब द्या. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने एका निवडणुकीत अवघे काही हजार रुपये खर्च केले होते. 'एवढ्याशा खर्चाचा काय हिशेब द्यावयाचा?' म्हणून त्याने तो दिलाच नाही, आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरविल्याची नोटीस हाती पडल्यावर तो मला शोधत आला. निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांत हिशेब दिला नाही आणि त्यास योग्य कारण नसले तर दहा-अ कलमाने तीन वर्षांची अपात्रता येते. ग्रामपंचायतीच्या उमेदवारांसही हिशेब चुकविल्यास अपात्रता आहे. पाण्यासारखा पैसा ओतणारा उमेदवार सनदी लेखापालाकडून मर्यादेच्या आत बसणारा सुबक हिशेब लिहवून घेतो आणि सहीसलामत सुटतो. हातगाडीवर ध्वनिक्षेपक बांधून फिरलेला आपला माणूस कागदाअभावी अडकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, चहाचेसुद्धा लिहा.

राहिला एक हक्क, ज्याचा उपयोग आमच्या वकील मंडळींपैकीही फार थोड्यांनी केला असेल. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ८८ व्या नियमाप्रमाणे कोणत्याही व्यक्तीस, मग ती उमेदवार असो वा नसो, प्रत्येक उमेदवाराने दाखल केलेला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत पाहता येतो. त्याची फी १ रुपया आहे. नकलेसाठी आयोगाने ठरविलेली फी निराळी. पुढील निवडणुकीच्या वेळी वस्तीतील दोन मुले आणि दोन मुली या कामास नेमा. सभा किती झाल्या, मांडव केवढा होता, गाड्या किती आल्या, जेवणाच्या पंक्ती किती उठल्या, हे त्यांनी तारीख घालून वहीत लिहावे, जमल्यास छायाचित्र घ्यावे. वाटप चालू असताना दिसले तर आयोगाच्या 'सी-व्हिजिल' वर छायाचित्र पाठवावे किंवा १९५० या क्रमांकावर कळवावे. एकट्याने अडवावयास जाऊ नये. निकालानंतर महिन्याने कचेरीत जाऊन उमेदवाराचा हिशेब आणि आपली वही शेजारी ठेवून पाहावी. फरक मोठा दिसला तर खर्च निरीक्षकाकडे आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. निवडणुकीस आव्हान देण्याची याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते. ती उमेदवाराप्रमाणे मतदारासही करता येते, सोबत २ हजार रुपये ठेवावे लागतात. मुदती एकमेकींस इतक्या चिकटून आहेत, की हिशेब येण्यास ३० दिवस धरले तर तुमच्या हाती १५ दिवस उरतात. पुरावा फौजदारी खटल्याइतका काटेकोर लागतो, म्हणून याचिकेची घाई करू नका. वहीची मात्र हयगय करू नका.

हिशेब पाहण्याच्या अर्जाचा मराठी नमुना मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना हवा असेल त्यांनी माझ्याकडून प्रत घ्यावी. आता कोणास प्रश्न विचारावयाचे असतील तर विचारावेत. भगिनींनी आधी विचारावेत, कारण पाकीट बहुधा त्यांच्याच हाती दिले जाते.

जयभीम.